इंजिनाचा पिवळा दिवा आणि रबराची नळी



पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे हडपसरला रस्त्याचे दोन फांटे होतात. एक सपाटीवरून लोणी काळभोरकडे जातो. दुसरा उजवीकडे वळून दिवे घाट चढतो व सासवडास पोंचतो. आषाढी वारींत तुकोबांची पालखी पहिल्या रस्त्यानें आणि ज्ञानोबांची दुसऱ्या रस्त्यानें जाते, हें आपणांस ठाऊकच आहे. माझ्या आजच्या विषयाचा वारीशीं संबंध नाहीं. या दोन रस्त्यांशीं मात्र आहे. एक रस्ता सपाट, गर्दीचा, जागोजागीं थांबावयास लावणारा, दुसरा चढाचा. मोटारीच्या इंजिनांत होणारा एक लबाड दोष या दोन रस्त्यांवर निरनिराळा वागतो, आणि त्याच्या या वागणुकीवरूनच तो ओळखतां येतो.

हा दोष म्हणजे हवा ओढणाऱ्या एखाद्या रबरी नळीला पडलेली चीर. कारागीर तिला ‘व्हॅक्यूम पाइप’ म्हणतात. नळी बोटाएवढी, किंमत थोडकी. पण ती फुटली कीं डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो आणि घरधन्याच्या मनांत धास्ती उत्पन्न होते. मग गॅरेजांत स्कॅनर जोडला जातो, त्यावर एक अंक उमटतो, त्या अंकाच्या आधारें एखादा महागाचा भाग बदलला जातो, दिवा विझतो, आणि आठवड्यानें पुन्हा लागतो. पुष्कळ कुटुंबांना या चक्राचा परिचय असेल. तें टाळण्यासाठीं यंत्रशास्त्राची पदवी लागत नाहीं. तो अंक काय सांगतो, आणि काय सांगत नाहीं, एवढें समजलें तरी पुरे.

प्रथम हा दिवा आला कोठून तें पाहूं. इंजिनांतील धुराची शुद्धता गाडीनेंच तपासावी व बिघाड झाल्यास चालकास कळवावें, ही सक्ती अमेरिकेंत १९९६ सालच्या मोटारींपासून सर्वत्र एकसारख्या स्वरूपांत आली. आपल्याकडे भारत स्टेज ४ हीं प्रदूषणाचीं मानकें २०१० सालीं ज्या तेरा शहरांत प्रथम लागू झालीं, त्यांत पुणें व सोलापूर हीं दोन्ही होतीं. तीं २०१७ सालीं सर्व देशास लागू झालीं, आणि १ एप्रिल २०२० पासून त्यांच्या जागीं भारत स्टेज ६ आलें. या मानकांबरोबरच, गाडीनें स्वतःच्या दोषांची नोंद स्वतः ठेवावी हा नियमही टप्प्याटप्प्यानें आला. ही नोंद म्हणजेच कोड.

कोडची रचना सोपी आहे. आरंभींचें ‘पी’ हें अक्षर इंजिन व गिअर या भागाचें निदर्शक. त्यापुढील शून्य म्हणजे हा अंक सर्व कंपन्यांस समान आहे. त्यानंतरचा आंकडा दोषाचें क्षेत्र दाखवितो : १ असल्यास हवा व इंधन यांचें प्रमाण, ३ असल्यास ज्वलनांतील चूक, ४ असल्यास धुराच्या शुद्धीची साधनें, ५ असल्यास इंजिनाची जागेवरची गति. उदाहरणार्थ, ‘पी ०१७१’ याचा अर्थ ‘मिश्रणांत हवा फार, इंधन कमी’ असा आहे. ‘अमुक भाग खराब झाला’ असा त्याचा अर्थ नाहीं. तापमापकाचा पारा १०२ वर गेला म्हणजे ताप आहे हें कळतें. हिंवताप कीं विषमज्वर हें पारा सांगत नाहीं. कोड हें लक्षण आहे. निदान माणसासच करावें लागतें. आणि ज्या सेन्सरनें तक्रार नोंदविली, तोच बदलून टाकणें म्हणजे ताप उतरावा म्हणून तापमापक फेकून देणें होय.

आतां या नळीचें काम काय तें समजून घेऊं. किर्लोस्कर न्यूमॅटिक ही १९५८ सालीं स्थापन झालेली कंपनी हडपसरच्या औद्योगिक वसाहतींत हवा दाबण्याचीं यंत्रें बनवीत आली आहे. तेव्हां दाबलेल्या हवेकडून काम करून घेतां येतें हें हडपसरकरांस सांगावयास नको. परंतु विरळ केलेल्या हवेकडूनही काम घेतां येतें, कारण तिच्या भोंवतालीं वातावरणाचा दाब सदैव उभाच असतो. इटलीच्या तोरिचेल्ली यानें १६४३ सालीं हा दाब पाऱ्याच्या नळींत मोजण्याची युक्ति काढली. समुद्रसपाटीस तो सुमारें ७६ सेंटिमीटर पाऱ्याइतका भरतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ एक किलो.

पेट्रोल इंजिनाचा दट्ट्या खालीं सरकला कीं तो हवा ओढतो. या हवेच्या वाटेवर एक झडप असते. तिला थ्रॉटल म्हणतात. ॲक्सिलरेटर दाबला कीं ती उघडते, सोडला कीं जवळजवळ मिटते. गाडी सिग्नलला उभी असतां थ्रॉटल मिटलेला, आणि दट्ट्ये तर हवा ओढीत असतात. म्हणून थ्रॉटलच्या पलीकडच्या भागांत, म्हणजे मॅनिफोल्डमध्यें, हवा विरळ होते. हीच ती पोकळी. समुद्रसपाटीस निरोगी इंजिन जागेवर चालतांना ही पोकळी साधारणपणें ४३ ते ५३ सेंटिमीटर पाऱ्याइतकी भरते. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपाचशें मीटर उंच असल्यामुळें येथें वातावरणाचा दाबच ७१ सेंटिमीटरच्या आसपास असतो, आणि तेंच निरोगी इंजिन येथें सुमारें पांच सेंटिमीटर कमी पोकळी दाखवितें. परदेशी पुस्तकांतील आंकडा जसाच्या तसा घेऊन पुण्यांत इंजिनास अशक्त ठरविणें हा अन्याय आहे.

ही फुकट मिळणारी पोकळी मोटार बनविणाऱ्यांनीं अनेक कामांस लाविली आहे. ब्रेकला जोर देणाऱ्या डब्यास एक जाड नळी जाते. इंजिनाच्या पोटांत सांचणारी वाफ पुन्हा ओढून जाळण्यासाठीं दुसरी असते. पेट्रोलच्या टांकींतील वाफ हवेंत न सोडतां इंजिनांत नेणारी तिसरी असते. कित्येक गाड्यांत आणखीही बारीक नळ्या असतात. या साऱ्या रबराच्या किंवा प्लास्टिकच्या, आणि बॉनेटखालच्या उष्णतेंत दिवसरात्र पडलेल्या. रबर कडक होतें, टोंकांशीं फाटतें. तेल लागून फुगतें. पावसाळ्यांत उबेला आलेले उंदीर तें कुरतडतात. एअर फिल्टर बदलतांना एखादी नळी काढली जाते व परत बसवावयाची राहून जाते. गॅसचें किट बसवितांना मॅनिफोल्डला छिद्र पाडून नवी नळी जोडतात. तेथील जोड सैल असला तरी तोच परिणाम होतो.

नळी फुटली कीं काय घडतें? पेट्रोल नीट जळण्यास एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. गाडींतील संगणक आंत येणाऱ्या हवेचें मोजमाप करून त्या मानानें पेट्रोल सोडतो. फुटक्या नळींतून शिरणारी हवा मात्र या मापाला चुकवून येते. जकात नाका चुकवून आडवाटेनें शहरांत आणलेल्या मालासारखाच हा प्रकार आहे. पुढें धुराच्या नळींतील ऑक्सिजन सेन्सर धुरांतला जादा प्राणवायु पाहतो व संगणकास कळवितो कीं मिश्रण पातळ झालें. संगणक पेट्रोल वाढवितो, आणखी वाढवितो. या भरीस मर्यादा असते. अनेक गाड्यांत ती शेंकडा २५ च्या आसपास गेली कीं संगणक हात टेकतो, ‘पी ०१७१’ नोंदवितो व दिवा लावतो. ज्या इंजिनाच्या दोन बाजूंस दोन स्वतंत्र रांगा असतात, तेथें दुसऱ्या रांगेसाठीं ‘पी ०१७४’ हा कोड असतो. मिश्रण फारच पातळ झालें तर कांहीं ठिणग्या वायां जातात, इंजिन थरथरतें व ‘पी ०३००’ उमटतो.

येथें एक बारीक भेद आहे, आणि तो न कळल्यामुळें पुष्कळ चुका होतात. कांहीं गाड्यांत वाहत्या हवेचें माप घेणारा सेन्सर असतो. वर सांगितलेली हकीकत प्रामुख्यानें त्यांची. परंतु आपल्या रस्त्यांवरील अनेक लहान पेट्रोल गाड्यांत हवेचा प्रवाह मोजीत नाहींत. मॅनिफोल्डमधला दाब मोजतात व त्यावरून हवेचा अंदाज बांधतात. अशा गाडीची नळी फुटली, तर आंतला दाब वाढलेला सेन्सरला दिसतो. संगणक समजतो कीं चालकानें थ्रॉटल उघडला, आणि तो प्रमाणशीर पेट्रोल सोडतो. मिश्रण फारसें पातळ होत नाहीं. इंजिन मात्र जागेवर उगाच वेगानें फिरत राहतें. मग कोड येतो तो ‘पी ०५०७’, म्हणजे ‘जागेवरची गति अपेक्षेहून अधिक’. दोष तोच, चीर तीच. दोन गाड्यांत तक्रार मात्र दोन प्रकारची.

आतां त्या दोन रस्त्यांकडे वळूं. गाडीतळाच्या गर्दींत गाडी उभी आहे. थ्रॉटल मिटलेला, पोकळी मोठी, आणि इंजिनाची हवेची गरज अगदीं थोडी. चिरेंतून येणारी चोरटी हवा या वेळीं एकूण हवेच्या मानानें मोठी असते. म्हणून इंजिन थरथरतें, गति वरखालीं होते, कधीं बंदही पडतें. तीच गाडी दिवे घाट चढूं लागली कीं थ्रॉटल उघडतो, पोकळी जवळजवळ नाहींशी होते, चिरेंतून हवा ओढण्यास जोरच उरत नाहीं. शिवाय इंजिन आतां पुष्कळ हवा घेत असल्यामुळें ती चोरी नगण्य ठरते. गाडी घाट निमूटपणें चढून जाते. उभी असतां कुरकुरणारी व चढावर शहाणी होणारी पेट्रोल गाडी दिसली, म्हणजे प्रथम नळ्यांवर संशय घ्यावा. याच्या उलट, जागेवर शांत पण चढावर धापा टाकणारी गाडी असेल, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर यांची चौकशी करावी.

हीच परीक्षा घाटांत न जातां गॅरेजांतही होते. संगणक पेट्रोलांत किती भर घालीत आहे, हा आंकडा स्कॅनरवर दिसतो. इंजिन तापल्यावर तो जागेवर पाहावा, व मग मिनिटास सुमारें २५०० फेरे ठेवून पुन्हा पाहावा. समजा, जागेवर भर शेंकडा २० आहे व २५०० फेऱ्यांवर ती ५ वर आली. तर बाहेरची हवा शिरत आहे हें जवळजवळ ठरलें. भर दोन्ही वेळीं सारखीच किंवा वेगाबरोबर वाढणारी असेल, तर नळी बहुधा निर्दोष आहे. या परीक्षेस दहा मिनिटेंही लागत नाहींत. दाबावरून अंदाज बांधणाऱ्या गाडींत मात्र या आंकड्यापेक्षां जागेवरची वाढलेली गति हीच अधिक बोलकी खूण असते.

डिझेल गाडीची गोष्ट निराळी. बहुतेक डिझेल इंजिनांत कामाला येईल अशी पोकळी मॅनिफोल्डमध्यें तयार होत नाहीं; म्हणून इंजिनावर चालणारा एक स्वतंत्र व्हॅक्यूम पंप असतो. त्याच्या नळ्या ब्रेककडे जातात, आणि अनेक गाड्यांत टर्बोचें नियंत्रणही याच पोकळीवर चालतें. अशी नळी फुटली तर टर्बो पुरेशी हवा दाबूं शकत नाहीं, आणि ‘पी ०२९९’ हा अपुऱ्या दाबाचा कोड येतो. डिझेल गाडी गर्दींत सुखानें चालते व दिवे घाटांत दम सोडते. पेट्रोलच्या अगदीं उलट! म्हणून लगेच नव्या टर्बोचा मोठा खर्च स्वीकारण्यापूर्वीं त्याच्या नळ्या तपासावयास सांगणें शहाणपणाचें.

चीर नेमकी कोठें आहे हें शोधण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधीं इंजिन बंद व थंड असतां डोळ्यांनीं पाहावें : निसटलेली नळी, टोंकाची भेग, उंदराच्या दांतांच्या खुणा. नंतर इंजिन चालू असतां कान द्यावा. बारीक ‘स्स्’ असा आवाज पुष्कळदां चोर दाखवून देतो. फिरत्या पट्ट्यापासून मात्र हात, पदर व ओढणी दूर असाव्यात. मग कारागीर एकेक नळी चिमट्यानें दाबून पाहतो. जी दाबतांच इंजिन स्थिर होतें, त्या वाटेवर दोष. शेवटची व सर्वांत विश्वसनीय परीक्षा धुराची : इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डमध्यें हलक्या दाबानें धूर सोडतात, आणि जेथून तो बाहेर डोकावतो तेथें चीर. कांहीं ठिकाणीं चालू इंजिनावर पेट्रोल किंवा कार्बोरेटर साफ करण्याचा फवारा मारून पाहण्याची रीत आहे. तापलेल्या लोखंडावर तो पेट घेऊं शकतो. आपल्या गाडीवर हा प्रयोग करूं देऊं नये.

येथवरचा विचार पैशाचा व सोयीचा झाला. परंतु या नळ्यांपैकीं एकीचा संबंध प्राणांशीं आहे. ब्रेकच्या डब्यांत एक पडदा असतो; त्याच्या एका बाजूस पोकळी व दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा. पडदा वीस सेंटिमीटर व्यासाचा असला आणि दर चौरस सेंटिमीटरवर अर्ध्या किलोचा फरक पडला, तर दीडशें किलोंहून अधिक जोर आपल्या पायाच्या मदतीस येतो. ती जाड नळी फुटली, तर दिवा ‘मिश्रण पातळ’ एवढेंच सांगतो. पण खरी बातमी ही असते कीं ब्रेकचा सोबती गेला. ब्रेक नाहींसा होत नाहीं, परंतु पाय कितीतरी पटींनीं जोरानें दाबावा लागतो. आणि घाटाच्या उतारावर, पुढें वाहनांची रांग असतां, ती जाणीव होणें फार उशिराचें ठरतें.

या नळीची परीक्षा घरच्या अंगणांत कोणासही करतां येते. गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक लावावा. इंजिन बंद असतां ब्रेक चार-सहा वेळां दाबावा. तो कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावें. ब्रेक पायाखालीं किंचित् खालीं गेला तर पोकळी पोंचत आहे. तसाच कडक राहिला, तर गाडी रस्त्यावर न नेतां कारागिरास घरीं बोलवावें. दुसरी परीक्षा अशी : इंजिन कांहीं वेळ चालवून बंद करावें व थोड्या वेळानें ब्रेक दाबावा. पहिल्या एक-दोन दाबांना तो मऊ लागला पाहिजे. कारण डब्यांत थोडी पोकळी शिल्लक राहावी अशी एकमार्गी झडप तेथें बसविलेली असते. शिल्लक एवढीच असते, हेंही लक्षांत ठेवावें. इंधन वांचविण्यासाठीं इंजिन बंद करून घाट उतरणारे लोक दोन-तीन दाबांतच ही पुंजी संपवितात.

दिवा लागल्यावर घाबरूं नये, पण त्याची भाषा ओळखावी. पिवळा दिवा स्थिर असेल व गाडी नीट चालत असेल, तर चार-दोन दिवसांत तपासणी करावी. तो लुकलुकत असेल, तर न जळलेलें इंधन धूर शुद्ध करणाऱ्या भागांत जाऊन तो भाग तापून निकामी होण्याचा धोका असतो. गाडी बाजूस घ्यावी. तेलाचा वा अति उष्णतेचा तांबडा दिवा हा निराळाच. त्यास तत्काळ थांबणें हेंच उत्तर.

गॅरेजांत गेल्यावर तीन गोष्टी नम्रपणें पण ठामपणें सांगाव्यात. पहिली : कोड पुसण्यापूर्वीं तो लिहून द्या. कोडबरोबर संगणकानें त्या क्षणींची गति, उष्णता व भार यांचीही नोंद ठेविलेली असते. पुसतांच ती जाते आणि निदानाचा मोठा आधार नाहींसा होतो. दुसरी : पेट्रोलची भर जागेवर किती व २५०० फेऱ्यांवर किती, तें मला दाखवा. तिसरी : कोणताही सेन्सर बदलण्यापूर्वीं नळ्या तपासल्या काय? चांगला कारागीर या प्रश्नांनीं रागावत नाहीं. आपलें काम समजून घेणारा गिऱ्हाईक त्यासही हवा असतो. कारण अर्ध्या तासाच्या शोधाची मजुरी नळीच्या किंमतीहून अधिक कां, हें अशाच गिऱ्हाइकास पटतें. ती मजुरी आपणही खळखळ न करतां द्यावी. नळी स्वस्त असते. ती शोधणारी नजर स्वस्त नसते, आणि नसावी.

तेव्हां पिवळा दिवा लागला म्हणजे आधीं एवढेंच आठवावें : गाडी कोठें कुरकुरते, उभी असतां कीं चढावर? हें उत्तर कोणताही स्कॅनर आपणहून देणार नाहीं. तें गाडी रोज चालविणाऱ्या माणसापाशींच असतें. तें घेऊन कारागिराकडे जावें, म्हणजे निदानाचें निम्में काम घरूनच झालेलें असेल. आणि दिव्याची वाट न पाहतां, येत्या सुटीच्या दिवशीं ब्रेकची ती दोन मिनिटांची परीक्षा मात्र अवश्य करावी.